थकव्यावर शाल-श्रीफळ

ताण कसा घालवायचा हे शिकवायला आम्हाला रविवारी बोलावलं होतं. आठवड्यातला तेवढा एकच दिवस आमच्या बायकांना घरचे कपडे धुवायला मिळतो, आणि साहेबांना नेमका तोच मोकळा दिसला. सकाळी वाशीमच्या सभागृहात हजर राहायचं म्हणजे रिसोडकडच्या नर्सबाईंना अंधारात उठून, डबे करून, पोरं शेजारणीकडे टाकून एसटी गाठावी लागली. गैरहजर राहणाऱ्यांवर कारवाई होईल, असं निरोपातच लिहिलेलं होतं. त्यामुळे कारवाईच्या धाकानं सगळ्या वेळेवर आल्या होत्या.

व्याख्याते पुण्याहून आणले होते. इस्त्रीचा झब्बा, गळ्यात रंगीत मफलर आणि आवाजात पाक. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि आपण समुद्रकिनाऱ्यावर उभ्या आहोत अशी कल्पना करायला सांगितली. आमच्यातल्या बहुतेकींनी समुद्र टीव्हीवर पाहिलेला. मी आपला एकबुर्जीच्या तलावाचा काठ डोळ्यांसमोर आणला आणि श्वास आत घेतला. तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला होता, कालचा अहवाल ज्यांचा बाकी आहे त्यांनी तात्काळ पाठवावा. साहेब स्टेजवरच होते, व्याख्यात्यांना लागून. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि दोन्ही अंगठे चालू होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांनी एकदम पर्समध्ये हात घातले.

मी आरोग्य सहायिका आहे. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली चार-पाच उपकेंद्रं असतात, प्रत्येक उपकेंद्रावर एक नर्स असते, आणि त्या नर्सबाईंच्या कामावर देखरेख करायला माझ्यासारखी एक बाई असते. माझ्यावर डॉक्टर आणि डॉक्टरांवर तालुक्याचे साहेब. साहेबांवर कोण आहे ते साहेबांनाही रोज सकाळच्या व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीतच कळतं. किन्हीराजाकडून शेलूबाजारकडे जाणाऱ्या जीपा जिथून दिसतात, त्या भागातलं आमचं केंद्र. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण सगळीकडे तोच फळा, तीच गळकी टाकी आणि तसलेच साहेब आहेत.

माझ्या हाताखाली एक नर्स होती. होती म्हणजे आहे, पण ती जवळजवळ गेलीच होती, तेच सांगायला बसले आहे. चाळिशीच्या अलीकडची, रिसोडकडची, नवरा एका शाळेत शिपाई, दोन पोरं. तिचा मुख्य गुण म्हणजे भांडण. माझ्याशी तिचं रोज काही ना काही वाजायचं. लसीच्या डब्यात बर्फ कमी काहून टाकला, आशाताईंना इतक्या दुपारी कायले बोलावलं, हे तुमचं नवीन रजिस्टर कोणाच्या डोक्यातून निघालं. भांडून झालं की डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवायची आणि दुसऱ्या विषयाला लागायची. काम इतकं चोख की तिच्या गावातल्या सासवा सुनेला पहिल्या बाळंतपणाला तिला विचारल्याशिवाय माहेरी पाठवत नसत.

आणि हाच तिचा अपराध ठरला. शेजारच्या उपकेंद्राची नर्स बदलून गेली, तेव्हा रिकाम्या जागेचा चार्ज कोणाला द्यायचा हा प्रश्न साहेबांना पडलाच नाही. ‘ती करते,’ एवढं त्यांनी फोनवर सांगितलं आणि फोन ठेवला. आमच्या खात्यातली कामं अशीच वाटली जातात. जो करत नाही त्याच्याकडे कोणी मागत नाही. त्याला चिडखोर म्हणतात, तब्येतीचा म्हणतात, आमदाराचा माणूस म्हणतात आणि शांतपणे त्याच्या वाटचं काम करणाऱ्याच्या डोक्यावर ठेवतात. याला ते प्रशासन म्हणतात. एकाच बैलाला दोन्ही बाजूंनी जुंपणाऱ्या शेतकऱ्याला आमच्याकडे गाव हसेल, पण साहेबाला त्याच कामासाठी गाडी मिळते.

दोन उपकेंद्रं, त्यांची सगळी गावं आणि एक स्कूटी. सकाळी लसीकरण, दुपारी सर्व्हे, संध्याकाळी त्या दोन्हींचे फोटो ग्रुपवर. बाळंतपण तर वेळ विचारून येत नाही. मी जमेल तेवढं वाटून घेतलं, पण माझं जमणं थोडं होतं आणि वरून येणारं जास्त. फोटोत नर्स दिसली पाहिजे, बॅनर दिसला पाहिजे, मागे झाड दिसलं पाहिजे. एकदा फोटोत झाड नाही म्हणून लसीकरणाचा अहवाल परत आला होता. ज्यांना सुई टोचली त्या लेकरांबद्दल त्यात काहीच विचारलं नव्हतं.

तिच्यात काही बिघडलंय हे मला तिच्या रडण्यावरून कळलं नाही, कारण ती रडली नाही. ती भांडेनाशी झाली. मी म्हटलं, उद्या तिकडच्या गावात कॅम्प आहे. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, रजिस्टर पुन्हा लिहावं लागेल. ती म्हणाली, हो. मी मुद्दाम तिला डिवचायला म्हटलं की या वेळी बर्फ कमीच टाकलाय. तरी हो. भाकर तशीच डब्यात परत जायला लागली. डॉक्टरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “चांगलं आहे की, समजूतदार झाल्या.” डॉक्टर मनानं वाईट नाहीत. साहेबांचा फोन आला की उभं राहून बोलणारा पोरगा आहे, एवढंच.

मग तो लसीकरणाचा दिवस आला. अंगणवाडीच्या ओट्यावर बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या आणि मी देखरेखीला गेले होते. दीड महिन्याचं एक लेकरू तिच्यासमोर होतं. तिनं त्याच्या मांडीत सुई दिली, कापूस दाबला. मग त्याच बाटलीतून दुसरी सुई भरली, लेकराचा पाय धरला आणि तशीच थांबली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “मॅडम, याले देल्ली का म्या?”

लेकराची आई म्हणाली, “आत्ताच तं देल्ली ना बाई. रडून नाही राह्यला का तो?”

लेकरू खरंच बोंब मारत होतं. मांडीवर कापूस होता. तिनं तो कापूस पाहिला, सुई ट्रेमध्ये ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली. “मी थकली मॅडम,” ती म्हणाली. “मले आता समजून नाही राह्यलं काई. एखांद्या दिवशी माह्या हातानं लेकरू जाईन. मले सुट्टी द्या, नाही तं मी नोकरीच सोडतो.”

उरलेली लेकरं मी टोचली. आयांना सांगितलं, बाईंना चक्कर आली. ती भिंतीशी बसून होती आणि आशाताई तिला पाणी देत होत्या. मला भीती वाटली, सरळ सांगते. तिच्यासारखी बाई असं बोलते तेव्हा ती बढाई नसते. ती सोडेल म्हणाली म्हणजे सोडेल, आणि सोडली नाही तर ती म्हणते तसं एखाद दिवशी घडेल. मला तिला रजा मिळवून द्यायची होती. पंधरा दिवसांची, पगारी, हक्काची. साठलेल्या रजा तिच्या नावावर कुजत पडल्या होत्या.

आता आमच्याकडे रजेला कारण लागतं आणि ते ठरलेल्या कारणांपैकीच लागतं. एक तर मयत, नाही तर लेकराचं आजारपण. आमच्या केंद्रातल्या लोकांनी काका-मामा इतक्या वेळा मारलेत की काही जणांकडे आता मारायला सख्खंच माणूस उरलं आहे. साहेबांनाही हे ठाऊक आहे आणि ते निमूटपणे सही करतात. खोटं कारण त्यांना चालतं. डॉक्टरांनी तिला मायेनंच सुचवलं, “लिहा ना, मुलगा आजारी आहे. कोण बघायला येतंय?”

ती एवढी गळालेली होती, पण त्यावर मान वर करून म्हणाली, “पोरगं चांगलं हाये माह्यं. मी त्याले कायले बिमार पाडू?”

आमच्याकडे लेकराच्या दुखण्याचं खोटं तोंडातून काढत नाहीत. काढणाऱ्या काढतात, पण ही त्यातली नव्हती. “थकली म्हणून सुट्टी पायजे, तेच सांगा,” ती म्हणाली. मग मी तेच सांगितलं. सुईचं सांगता येत नव्हतं. ते सांगितलं असतं तर रजा बाजूला राहिली असती आणि तिलाच नोटीस निघाली असती.

तालुक्याच्या कार्यालयात साहेबांनी माझं ऐकलं आणि चष्मा काढला. “थकली म्हणजे काय झालंय नेमकं?”

“थकली आहे, सर.”

“ते कळलं. पण आजार काय?”

“आजार नाही. दोन माणसांचं काम एकटी करते, म्हणून थकली.”

“अहो, थकतो तर मीही,” साहेब म्हणाले. “मी कधी सांगतो का?”

साहेबांचा दिवस मला माहीत आहे. सकाळी व्हीसीत वरच्यांच्या शिव्या खायच्या, दुपारपर्यंत त्या खालच्यांना वाटून टाकायच्या आणि संध्याकाळी कोणाच्या तरी निरोप समारंभात पहिल्या रांगेत बसायचं. शिव्या वाटून झाल्यावर माणूस हलका होतो, त्यामुळे ते थकत असतील यावर माझा विश्वास नाही. मी म्हटलं, “सर, पंधरा दिवस द्या. मी तिचं उपकेंद्र बघते.” ते म्हणाले, विचार करू.

बातमी मात्र आमच्याआधी केंद्रात पोचली होती. थकली हे कारण कोणालाच पटेना. एकीनं ठरवलं की तिला दिवस गेलेत. दुसरीनं सासूवर घेतलं. औषधं वाटणारा म्हणाला की हे बदलीसाठी चाललेलं नाटक आहे, आणि हा माणूस स्वतः महिन्यातले निम्मे दिवस पाठ धरून बसलेला असतो. डॉक्टरांनी आमच्या भागातला हमखास उपाय केला, सलाईन लावली. इकडे कमजोरी वाटली की माणूस सलाईन लावून घेतो आणि हातावर पट्टी मिरवत घरी जातो. गावच्या अडाण्यांचा हा भ्रम आम्ही पोस्टर लावून दूर करतो. तिच्या डोक्याशी भिंतीवर तेच पोस्टर होतं. बाटली संपल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “आता कसं वाटतं?” ती म्हणाली, “लघवीले लागली.” आणि स्कूटीवर बसून दुसऱ्या उपकेंद्राला गेली.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा विचार करून झाला. मासिक सभेत तिचा सत्कार ठेवला होता.

मला आधी वाटलं, चेष्टा आहे. पण नाही, साहेब मनापासून खूश होते. त्यांनी मला फोन करून सांगितलं, “कर्मचाऱ्याला कौतुकाची भूक असते, मॅडम. एक शाल टाका अंगावर, बघा कशी फ्रेश होते.” हे त्यांना त्या मफलरवाल्यानं शिकवलं असावं, किंवा कोणी शिकवायची गरजही नसेल. आपल्याकडे माणसाला सोडायचं नसलं की त्याचा सत्कार करतात. ज्याच्या खांद्यावर शाल पडली त्याला पुन्हा नाही म्हणता येत नाही. गळ्यात हार घालून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी रजा कोणत्या तोंडानं मागणार?

तालुक्याचं सभागृह, स्टेजच्या मागे बॅनर, त्यावर तिचा फोटो, नावाआधी ‘सेवाव्रती’. ती माझ्या शेजारी मागच्या रांगेत बसली होती. कडक धुतलेला युनिफॉर्म आणि डोळ्यांखाली काळं. मी म्हटलं, “नको जाऊ स्टेजवर. मी सांगते काहीतरी.” ती म्हणाली, “जातो. कोण बोलत बसते?” तिचं नाव पुकारलं तशी ती गेली. साहेबांनी शाल घातली, पाहुण्यांनी नारळ दिला, कोणीतरी फुलांचा गुच्छ तिच्या हातात कोंबला. फोटो झाले. झाड नसूनही चाललं.

मग साहेब माईकपाशी आले. या भगिनीनं गेल्या वर्षभरात एकही रजा घेतलेली नाही, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. टाळ्या पडल्या. अशा कर्मचाऱ्यांवरच खातं उभं आहे, पुन्हा टाळ्या. आणि हा विश्वास व्यक्त करण्यासाठी आणखी एका रिकाम्या उपकेंद्राचा चार्ज आजपासून यांच्याकडे सोपवण्यात येत आहे. या वेळी सगळ्यांत जोरात टाळ्या पडल्या, कारण तो चार्ज आपल्यावर येईल म्हणून निम्मं सभागृह धास्तावून बसलं होतं. त्या टाळ्या वाजवणारी एकेक बाई मी ओळखते. त्यांच्याशी मी अजून नीट बोलत नाही.

ती स्टेजवरून उतरली. मला वाटलं, आता ही सरळ दारातून बाहेर जाईल आणि परत दिसणार नाही. पण ती मागे आली. नारळ खुर्चीखाली ठेवला, गुच्छ माझ्या मांडीवर दिला. शेवटच्या रांगेत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या तिनं एकीला एक लावल्या, त्यांवर आडवी झाली, शाल डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतली आणि झोपली. खरी झोपली. साहेबांचं भाषण चालू होतं आणि तिचा श्वास संथ होत गेलेला मला ऐकू येत होता.

पुढच्या रांगेतल्या माना वळायला लागल्या. कोणी फिदीफिदी हसलं. मी माझी खुर्ची उचलली आणि तिच्या आणि त्या लोकांच्या मध्ये आणून ठेवली. तिचा फोन वाजला, तो मी तिच्या पर्समधून काढून बंद केला. मग माझाही केला.

स्टेजवरून साहेबांनी सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलायला बोलावलं. कोणी उठेना, तेव्हा त्यांनी मागे पाहिलं. “मॅडम, त्यांना पाठवा.”

“सर, ती झोपली आहे.”

“मग उठवा.”

“नाही उठवत,” मी म्हटलं.

मी आवाज चढवला नव्हता. पण ते स्टेजपर्यंत नीट पोचलं. साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं, पाहुण्यांनी घड्याळाकडे. डॉक्टर, तो फोनवर उभा राहून बोलणारा पोरगा, जागेवरून उठला. मला वाटलं आता हा तिला हलवणार. तो आला आणि माझ्या बाजूला खुर्ची टाकून बसला.

आभार प्रदर्शन झालं, चहा झाला, सभागृह रिकामं झालं. मंडपवाला खुर्च्या गोळा करत मागच्या रांगेपर्यंत आला, शालीखालच्या बाईकडे पाहिलं आणि त्या तीन खुर्च्या सोडून बाकीच्या घेऊन गेला. ती जागी झाली तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. उठल्या उठल्या तिनं पर्स चाचपली आणि विचारलं, “कोणाचा फोन आल्ता का?”

“नाही आला,” मी म्हटलं. “कोणाचाच नाही आला. झोप अजून.”

रजा मिळाली. साहेबांना कळवळा आला म्हणून नाही. स्टेजवर ‘सेवाव्रती’चा बॅनर आणि मागच्या रांगेत त्यांनीच घातलेली शाल पांघरून झोपलेली बाई, असा फोटो कोणीतरी काढला होता आणि तो वाशीमपर्यंत फिरला होता. वरून विचारणा व्हायच्या आत त्यांनी सही केली. थकव्याचा उल्लेख मात्र त्यांनी टाळलाच, प्रकृती ठीक नसल्याचं कारण आपल्याच हातानं घातलं. सभेत उलट बोलले म्हणून माझ्याकडे खुलासा मागितला, तो मी दिला. तिसरा चार्ज मी तिच्यापर्यंत जाऊच दिला नाही. दुसरा चार्ज आठवड्यातून एकेक दिवस सगळ्या नर्सबाईंत फिरता ठेवला आणि एक दिवस स्वतः घेतला. चिडखोर, तब्येतीचे, आमदाराचे, सगळे त्यात आले. कुरकुरले, पण गेले.

माणसं थकू नयेत म्हणून वरच्यानं काय करावं यावर मफलरवाले दिवसभर बोलू शकतात. मला त्यातलं एवढंच कळतं की वरून जे पडतं ते सगळं खाली जाऊ द्यायचं नाही. चाळणीसारखं मध्ये बसायचं आणि खडे आपल्यापाशी ठेवायचे. ज्याला तेवढं जमत नाही त्यानं खुर्ची सोडावी, सत्कार करत फिरू नये.

पंधरा दिवस ती माहेरी होती. मी एकदाही फोन केला नाही. परत आली त्या सकाळी मी तिच्या उपकेंद्रावर जाऊन बसले होते. ती येईल की राजीनामा येईल, याची मला खात्री नव्हती. स्कूटीचा आवाज आला. ती आत आली, कपाट उघडलं, एकदा आत पाहिलं आणि वळली.

“माह्या कपाटाले हात कोणं लावला?”

“मीच नीट लावून ठेवलंय.”

“याले नीट म्हंतेत का, मॅडम? गोळ्या खाली, कापूस वर, आन् सुया कोठी हायेत त्या तं देवालेच माईत. पंधरा दिवस काय करून राह्यल्या व्हत्या तुमी?”

दुपारपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. बर्फावरून बोलली, रजिस्टरवरून बोलली, मी घेतलेल्या एका सर्व्हेची तिनं पार लाज काढली. मला इतकं बरं वाटत होतं की मी मध्ये एक शब्दही काढला नाही. जेवताना तिनं अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

परवा पुन्हा निरोप आला. ताणमुक्त कर्मचारी कार्यशाळा, वाशीम, रविवार. या वेळी अनुभवकथनासाठी आमच्या नर्सबाईंचं नाव साहेबांनी परस्पर सुचवलं होतं. मी तिला वाचून दाखवलं.

“ऐतवारी मी घरी झोपून राह्यणार हाये,” ती म्हणाली. “तसंच सांगा.”

मी तसंच ग्रुपवर टाकलं, शब्दही बदलला नाही. थोड्या वेळानं साहेबांचं उत्तर आलं, ठीक आहे, त्यांच्याऐवजी दुसरं नाव पाठवा. मी माझ्या सगळ्या बायका एकेक करून डोळ्यांसमोर आणल्या आणि कळवलं, दुसरं नाव नाही.